तासगावकर पालकांना उत्तर, जरा लांबलेलं

बी.टेक. आणि एम.टेक. एकाच कॉलेजात सलग पाच वर्षांत करायच्या दुहेरी पदवीवर मी 'पाच वर्षांत दोन पदव्या' हा लेख लिहिला होता. त्याखाली 'एक तासगावकर पालक' अशा नावाने आलेली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो, म्हणजे मी काही लपवलं असं व्हायला नको.

"लेख छान. पण 'एक वर्ष वाचतं' हे अर्धसत्य आहे. चौथ्या वर्षाला कॅम्पसमध्ये नोकरी लागू शकते अशा मुलाचं वर्ष वाचत नाही, जातं. मध्येच सोडायची वेळ आली तर बी.टेक. तरी हातात पडतं का, हे लिहिलेलं नाही. क्रेडिटचा आकडाही चुकलाय. एकूण लेखकाने स्वतःच्या खिशातून कधी फी भरली असेल असं वाटत नाही."

क्रेडिटचं मान्य. एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेच्या, 2018च्या नमुना अभ्यासक्रमात बी.टेक.ला 160 क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजायची एककं) आहेत, मी 180 लिहिले होते. दुरुस्त केलं. चूक दाखवल्याबद्दल आपले आभार.

आता शेवटचं वाक्य. टीका करावी, जरूर करावी. पण साहेब, खिशात हात घालायचं कारण काय? आपण मला ओळखत नाही, मी आपल्याला ओळखत नाही. आपण तर नावसुद्धा दिलेलं नाही.

माझे वडील सांगलीच्या हळदीच्या पेठेत एका अडत दुकानात दिवाणजी होते. घरी आले की त्यांच्या सदऱ्याला, वहीला, पाकिटातल्या नोटांनाही हळदीचा वास यायचा. त्या नोटांतून माझं बी.ई. झालं. 2003 साली मी कुपवाड एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये लागलो. पगार साडेचार हजार, शिफ्टला जायला सायकल. तीन वर्षं तिथं काढली आणि मग एम.टेक.ला गेलो. गेटचा, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेचा, स्कोअर नव्हता, त्यामुळे विद्यावेतन नाही. (आज गेटमधून गेलेल्याला एआयसीटीईचे दरमहा 12,400 रुपये मिळतात. मिळोत बापडे.) पहिल्या वर्षाची फी आईच्या पाटल्या पतसंस्थेत सोनेतारण ठेवून भरली आणि ते कर्ज फेडता फेडता माझं लग्न पुढं गेलं. फीची पावती मी जपून ठेवली होती, तिचा फोटोच इथे टाकणार होतो. काल काढून बघितली. ऑगस्ट 2019च्या महापुरात आमच्या गावभागातल्या घरात पाणी शिरलं, तेव्हा ती भिजली होती. शिक्का राहिलाय, आकडा पुसला गेलाय. तेव्हा तुम्हाला माझ्या शब्दावरच विश्वास ठेवावा लागेल.

आणि हे रडगाणं म्हणून सांगत नाही. मुद्दा याच्यातच आहे. बाहेरून एम.टेक.ला गेलेल्या मुलाचं काय होतं ते मी भोगलंय. पहिलं वर्ष कोर्समध्ये जातं. कॉलेज नवं, लॅब नवी, कुठल्या सरांचं काम काय चालू आहे हे कळेपर्यंत दिवाळी येते. प्रबंधाला म्हणून दुसरं वर्ष असतं. माझे गाइड त्याच वर्षी दीर्घ रजेवर गेले. नवे गाइड डिसेंबरात मिळाले, त्यांनी विषय बदलला, आणि साडेचार महिन्यांत मी जे काही बांधून दिलं ते आज विद्यार्थ्यांना दाखवायची लाज वाटते. पाच वर्षांच्या दुहेरी पदवीत हे बऱ्याच अंशी टळतं. मुलगा तिथलाच असतो. तिसऱ्या वर्षाला ज्यांच्याकडे मिनी प्रोजेक्ट केला, त्याच सरांकडे चौथ्या वर्षी एम.टेक.चे विषय घेतो, उन्हाळ्याची सुट्टी लॅबमध्ये घालवतो, आणि पाचव्या वर्षी प्रश्न घेऊनच बसतो. मद्रासच्या आयआयटीत तर बी.टेक. एका शाखेचं आणि एम.टेक. रोबोटिक्स किंवा डेटा सायन्ससारख्या विषयाचं, अशीही सोय आहे. अमेरिकेत बऱ्याच विद्यापीठांत बॅचलर्सच्या शेवटच्या वर्षी घेतलेले काही वरचे कोर्स दोन्ही पदव्यांना धरतात आणि साधारण 30 क्रेडिटचं मास्टर्स वर्षभरात उरकतं. मी 'वर्ष वाचतं' म्हणालो ते सहाऐवजी पाच या अर्थाने. खरी कमाई एकाच लॅबमध्ये मिळणाऱ्या त्या सलग दीड-दोन वर्षांची आहे. लेखात ते नीट आलं नसेल. पण म्हणून 'अर्धसत्य'? हा शब्द कोर्टात वापरतात.

कॅम्पसच्या नोकरीचं म्हणाल, तर ज्याला चौथ्या वर्षी बाहेर पडायचंय त्याने पडावं, कोणी धरून ठेवलंय? माझा सख्खा पुतण्या चार वर्षांनी बाहेर पडला, चाकणला नोकरीला आहे, गाडी घेतली, मजेत आहे. पण तो वेगळा विषय.

मध्येच सोडलं तर काय, हे प्रत्येक संस्थेच्या नियमपुस्तिकेत असतं. कुठे बी.टेक. घेऊन बाहेर पडता येतं, कुठे अटी असतात. प्रवेशाआधी पालकांनी ते वाचायचं असतं. सगळंच मी घास भरवल्यासारखं लिहायचं म्हटलं तर ब्लॉग कशाला, क्लासच काढतो. तासगावच्या बाजारात बेदाणा घेताना आपण मूठभर चाखून, चिकटपणा बघून, घासाघीस करून घेतो ना? मग लेकराच्या पाच वर्षांसाठी चाळीस पानं वाचायला काय हरकत आहे?

प्रतिक्रियेवरून वाटतं, आपलं मूल सध्या तिसऱ्या वर्षाला असावं आणि हा निर्णय घरात आत्ताच चालू असावा. तसं असेल तर शाखा आणि कॉलेज कळवा, त्या कॉलेजचे नियम मी स्वतः बघून सांगतो. फक्त या वेळी नाव घालून लिहा. आणि फीचा विषय काढू नका.