सांगा बघू, मी कोण?

पोवई नाक्यावर दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, आणि मागून पाठीत थाप. “काय, ओळखलं का?” अहो, नाही ओळखलं! पण तसं म्हणायची सोय आहे का? कसनुसं हसून “न ओळखायला काय झालं!” म्हणावं, तर पुढचा बाण तयारच: “मग सांगा बघू, कोण?” भर रस्त्यात तोंडी परीक्षा. पिशवीतली मेथी तेवढ्यात मान टाकते.

आमच्या गल्लीतली कुत्री परवडली. नाकाला नाक, मग शेपटीखाली जरा हुंगलं, झालं. नर की मादी, ओळखीचं की परकं, सगळा दाखला वासातच. हत्ती भेटले की एकमेकांच्या तोंडात सोंडेचं टोक घालतात (ते आपल्याला नको, पण निदान कोडं तरी घालत नाहीत). आणि माणसाला “राम राम, मी अमक्या गावचा तमका” एवढं म्हणायला सोनं लागतं काय? पूर्वी पाव्हणं आधी गाव सांगायचं, मग पाणी मागायचं.

परवा हिय्या करून एकाला म्हणालो, “खरंच नाही ओळखलं.” तर म्हणाला, “मोठी झाली बाबा माणसं!” आणि तरातरा निघून गेला. नाव अजून कळलेलं नाही.