आरसा म्हणे!

‘मूल म्हणजे आईबापांचा आरसा’ हा फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेल. माझ्याकडे तीनदा आला, तिन्ही वेळा उडवला. परवा तो धाकट्या बहिणीकडे पोचला आणि रात्री साडेअकराला तिचा फोन. “दादा, भरवताना मी मोबाइल बघायचे रे. त्यामुळेच झालं का?” तिचा मुलगा चार वर्षांचा. ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) निदान होऊन पाच महिने झालेत. म्हणून आता लिहितोय.

फॉरवर्ड म्हणतो, ‘तुम्ही वाचा, मूल वाचेल.’ आमचे बाबा पेपर जाहिरातींसकट वाचायचे. मला नाद लागला. बहिणीने अभ्यासाबाहेरच्या पुस्तकाला कधी हात लावला नाही. घर एकच, बाबाही तेच.

‘मूल मारकुटं आहे? घरात तेच पाहिलं असणार.’ यात थोडं तथ्य आहे, मान्य. 1961 साली अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने 72 लहान मुलांवर प्रयोग केला. मोठं माणूस हवा भरलेल्या बाहुलीला बडवताना ज्यांनी पाहिलं, त्यांतल्या बऱ्याच जणांनी नंतर तसंच बडवलं, तेच शब्द उच्चारत. पण ते मोठं माणूस त्यांचं आईबाप नव्हतं, परकं होतं! मुलं कुणाचंही बघून उचलतात.

आता तो मुद्दा. ‘मूल बोलत नाही, नजर देत नाही? आईची माया कमी पडली.’ हा आरोप जुनाच आहे. 1943 मध्ये लिओ कॅनर या मनोविकारतज्ज्ञाने अशा 11 मुलांबद्दल लिहिताना आईबापांच्या कोरडेपणाचा उल्लेख केला. हे जन्मजात असावं, असंही त्यानेच लिहिलं होतं. ते बाजूला पडलं. पुढे बालमानसशास्त्रावर लिहिणाऱ्या ब्रूनो बेटेलहाइमने तर आयांना थेट आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. मग 1977 मध्ये फोलस्टीन आणि रटर या संशोधकांनी जुळ्यांच्या अशा 21 जोड्या तपासल्या, ज्यांत निदान एकाला तरी ऑटिझम होता. हुबेहूब जुळ्यांच्या (यांची जनुकं सारखीच असतात) 11 जोड्यांपैकी 4 जोड्यांत तो दोघांनाही निघाला. वेगवेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या 10 जोड्यांत? एकाही जोडीत दोघांना नाही. दोन्हीकडे जुळ्यांना आई एकच. माया कमी पडून हे होत असेल, तर हा फरक आला कुठून?

‘सातव्या वर्षापर्यंत सगळं ठरतं.’ मग पालकांना सुधारायचा उपद्व्याप कशाला? ते तर कधीच सातच्या पुढे गेलेत.

भाचा कपड्यांचे चिमटे रंगांप्रमाणे ओळीने मांडतो आणि एक हलला तरी रडतो. त्याची आई रोज अर्धा तास त्याच्याशेजारी फरशीवर बसून चिमटे पुरवते. फॉरवर्ड तिच्या थोरल्या जावेने पाठवला होता, खाली जोडलेले हात. हे सगळं आता त्यांनाच पाठवतोय.