समाधान मानायचं म्हणजे गप्प बसायचं का?

ताई, जय ख्रिस्त.

'देवाच्या प्रीतीत समाधान' या माझ्या लेखाखाली तुम्ही खरमरीत लिहिलंत. ऑगस्ट २०२४ च्या पुरात आपल्या बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी फतेहगंजमधल्या तुमच्या वडिलांच्या दुकानात शिरलं, वह्यांचा लगदा झाला, आणि अशा माणसाला समाधान मानायला सांगणं म्हणजे त्याचं तोंड बंद करणं, असं तुमचं म्हणणं. नदीकाठ कोणी बुजवला हे विचारायचं सोडून स्तोत्रं गात बसायचं का, असाही तुमचा सवाल आहे.

तुमचा राग रास्त आहे. घरात गुडघाभर गाळ असताना कोरड्या जागी उभं राहून कोणी 'समाधानी राहा' म्हणालं, तर मलाही ते सहन होणार नाही. पण ख्रिस्ती समाधानाचा तुम्ही लावलेला अर्थ मात्र मला मान्य नाही.

ज्या प्रेषित पौलाने लिहिलं की भरपुरी असो वा टंचाई, कुठल्याही स्थितीत तृप्त राहायला मी शिकलो आहे, त्याने ते कैदेतून लिहिलं, आणि लिहिलं ते फिलिप्पै शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना. आता त्याच फिलिप्पै शहरात आधी काय घडलं होतं ते बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात वाचा. चौकशी न करता पौल आणि त्याचा सोबती सीला यांना भर चौकात फटके मारले, पाय खोड्यात अडकवून आतल्या कोठडीत टाकलं. मध्यरात्री ते दोघे देवाची स्तुती गात होते. सकाळी निरोप आला, सोडलंय, जा आता. पौल जागचा हलला नाही. आम्ही रोमन नागरिक, आम्हाला विनाचौकशी उघड्यावर मारलंत आणि आता गुपचूप घालवता? अधिकाऱ्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. ते आले, आणि त्यांनी विनवणी केली. रात्री गाणारा आणि सकाळी जाब विचारणारा माणूस एकच होता. गाण्यामुळे त्याचा जाब कुठे बोथट झाला नाही.

आपल्या पंडिता रमाबाईंचंच बघा ना. १८८२ मध्ये सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे उभं राहून हिंदुस्थानातल्या बायकांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात असं त्यांनी ठणकावून सांगितलं, तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्याही नव्हत्या. पुढच्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. म्हणून त्या गप्प झाल्या का? १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली-बायकांना त्यांनी आणलं आणि केडगावात आसरा दिला. १८९७ मध्ये प्लेगच्या बंदोबस्तात पुण्यात बायकांचे हाल झाले, तेव्हा वर्तमानपत्रात लिहून सरकारला धारेवर धरलं. ख्रिस्ताच्या प्रीतीत विसावलेली बाई घरात बसते, हे मला तरी त्यांच्याकडे बघून म्हणवत नाही.

आमच्या मंडळीत समा भागात राहणाऱ्या एक मावशी आहेत. ब्लाउज शिवून घर चालवतात. पूर ओसरल्यावर मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा दारातच पायमशीन उघडून बसल्या होत्या. शटलमध्ये गाळ घट्ट बसलेला. जुन्या टूथब्रशने रॉकेल लावून एकेक भाग घासत होत्या आणि चिंधीवर मांडून ठेवत होत्या. गिऱ्हाइकांची कापडं वाया गेली होती, ती भरून द्यायची होती. शेजारीण म्हणाली, "काय पाप घडलं असेल आपल्या हातून!" मावशींनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "पाप-बिप काही नाही गं. पाणी सगळ्यांच्याच घरात शिरलं. माझा स्वर्गातला बाप माझ्यावर रागावलेला नाही, एवढं मला ठाऊक आहे." दुसऱ्या दिवशी त्या पंचनाम्याचं विचारायला गेल्या. कॅशडोलच्या, म्हणजे पूरग्रस्तांना मिळणाऱ्या सरकारी रोख मदतीच्या यादीत नाव नव्हतं, तर पुन्हा गेल्या, आणि नाव लागेपर्यंत जात राहिल्या.

मला समाधान म्हणायचंय ते हेच, ताई. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल संकटांची यादी देतो: क्लेश, छळ, उपासमार, उघडेपणा, तलवार. ही आपल्या वाट्याला येणार नाहीत असं तो कुठेच म्हणत नाही. यातलं काहीही आपल्याला ख्रिस्ताच्या प्रीतीपासून तोडू शकत नाही, एवढंच म्हणतो. म्हणजे दुकान बुडालं तर तो देवाने माझ्यावर दिलेला निकाल नसतो. नुकसान नुकसानच असतं, रडूही येतं. स्तोत्रसंहितेत तर 'परमेश्वरा, कुठवर?' असा टाहो पुन्हा पुन्हा आहे, आणि तो उपासनेत मोठ्याने वाचायचा असतो. पण देवाने आपल्याला टाकलं, ही जी आतून कुरतडणारी भीती असते ना, तिच्यापासून सुटका होते. ज्याने स्वतः क्रूसावर 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' म्हणून हाक मारली, तो बुडालेल्या घराच्या दारात परका नसतो. हे मी मनापासून मानते. त्यावरच माझी घडी बसलेली आहे.

'विश्वास ठेवा, दुप्पट मिळेल' असं सांगणारे उपदेशक हल्ली मोबाइलवर पुष्कळ दिसतात. त्यांची शिकवण मला साफ नामंजूर आहे.

आणि समाधानाचं वचन कोणी कोणाला सांगायचं, यावर शास्त्र फार कडक आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात अन्नवस्त्रात तृप्त राहायची गोष्ट येते, आणि त्याच अध्यायात श्रीमंतांना ताकीद आहे की चंचल धनावर भिस्त ठेवू नका, वाटून द्या. याकोब तर आपल्या पत्रात विचारतो, उघड्या-उपाशी भावाला 'सुखाने जा, ऊब घ्या' म्हणून नुसतं वाटेला लावलंत तर काय उपयोग? भरल्या पोटी बसून मी तुमच्या वडिलांना हे वचन ऐकवणार नाही. ते वचन आधी मला लागू आहे, कारण माझं घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि पाणी माझ्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं.

नदीकाठाचा प्रश्न तुम्ही विचारत राहा. सह्यांचं निवेदन काढणार असाल तर माझी सही धरा, मंडळीतल्या आणखी काही जणांच्या सह्याही मी आणते. वडिलांच्या दुकानाचा अर्ज अजून अडकला असेल, तर कोणत्या कागदावर अडकलाय ते इथेच कळवा. मावशींना त्या खेपा तोंडपाठ आहेत. तुमच्या वडिलांबरोबर यायची त्यांची तयारी आहे, मी विचारून ठेवलंय.