दऱ्या, दर्या आणि माझी चैन

नमस्कार काका. तुमच्या प्रतिक्रियेखाली ‘एक जुना डीटीपीवाला’ (म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवणारा) अशी सही आहे, त्यावरून काका म्हणतोय. वयाचा अंदाज चुकला असेल तर माफ करा.

तुमचे आक्षेप दोन. ट्रेकिंग मंडळाच्या जुन्या वार्षिक अंकांचा मजकूर यूनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे वाचता-शोधता येणाऱ्या अक्षरांत, आणण्यात मी दोन महिने घालवले, तेच पानं स्कॅन करून पीडीएफ चढवल्या असत्या तर काम आठवड्यात उरकलं असतं, हा पहिला. हिंजवडीची नोकरी सोडून असली फुटकळ कामं करणं म्हणजे बायकोच्या पगारावर चैन, हा दुसरा.

दुसऱ्याचं आधी. पहिलं दीड वर्ष घराचा हप्ता तिच्याच पगारातून गेला, त्यामुळे नाही म्हणायला तोंड नाही. तुमची प्रतिक्रिया तिला वाचून दाखवली, तर म्हणाली, “काकांना चहाला बोलाव.” फक्त रात्री अकराला ‘लोगो जरा मोठा करा ना’ असा मेसेज येतो, तेव्हा चैन हा शब्द आठवत नाही एवढंच.

स्कॅनचं मात्र पटत नाही. ‘लिंगाणा’ हा शब्द टाइप करून शोधणाऱ्याला स्कॅनच्या त्या फोटोंत काही सापडणार नाही. फोटोवरून अक्षरं ओळखणारी सॉफ्टवेअर आहेत, पण मूळ फाइली मंडळाकडे सीडीवर असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला?

त्या फाइली कशा असतात हे तुम्हाला मी काय सांगणार! यूनिकोड रुळण्याआधी आपल्याला श्रीलिपी आणि सी-डॅकचं आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरनीच तारलं, आणि दोन्ही पुण्याचीच. पण जुन्या फॉन्टांत अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली. ‘किल्ला’मधली वेलांटी आधी, क नंतर. यूनिकोडमध्ये उलट. ‘मार्ग’चा रफार तिथे ग च्या मागून येतो, यूनिकोडमध्ये तो ग च्या आधी र आणि हलन्त (पाय मोडल्याची खूण) होऊन बसतो. शिवाय जुन्या फॉन्टातलं कुठलं चिन्ह म्हणजे यूनिकोडचं कुठलं अक्षर, याचं कोष्टक दर फॉन्टाचं निराळं. फॉन्ट बदलला की कामाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

माझी फजिती झाली ती दऱ्यांत. ‘दऱ्या’मधला र चा तो आडवा फराटा आणि रफार मी कोष्टकात एकाच ओळीत टाकले होते. यूनिकोडमध्ये फराट्यासाठी नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ लागतो, साधा र घातला की रफारच होतो. परिणाम असा की मंडळाचे सभासद हरिश्चंद्रगडावरून ‘खोल दर्यांत उतरले’. कोकणकड्यावरून थेट समुद्रात! सत्तरीच्या चिटणीसबाईंनी फोन करून विचारलं, “अहो, होडी कोणी नेली होती?” एक ओळ दुरुस्त केली आणि सगळे अंक पुन्हा चालवले.

हिशेबात चुकलो, हे कबूल. तीन आठवडे सांगून १८,००० रुपये ठरवले होते. लागले दोन महिने. वाढीव पैसे मागितले नाहीत, त्यामुळे ‘गिऱ्हाइकाला खर्चात पाडलंत’ हे तुमचं वाक्य तेवढं मागे घ्या.

आणि एक काम आहे. १९९६ च्या अंकाचा फॉन्ट अजून ओळखता आलेला नाही. सीडीत फॉन्टची फाइल नाही, उघडलं की नुसती रोमन अक्षरं आणि डॉलरची चिन्हं. छापील अंक मात्र आहे. त्यातल्या ‘क्ष’ची शेपटी नेहमीपेक्षा लांब आहे आणि ‘श’ची गाठ उघडी. पानाचा फोटो पाठवू का?