खुलासा : फिलर बारीक केला की माल मजबूत होतोच असं नाही

नवी मुंबईतल्या रबाळे-महापेच्या प्लॅस्टिक मोल्डिंगवाल्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय : 'फिलर जितका बारीक, तितकी ताकद जास्त. नॅनो घाला, निर्धास्त राहा.' हे अर्धंच खरं आहे. फिलर म्हणजे प्लॅस्टिकमध्ये मिसळतात ती खनिजाची किंवा काचेची पूड; नॅनो म्हणजे मायक्रॉनहूनही कितीतरी बारीक.

खरं ते आधी. वजन तेवढंच ठेवून कण 10 मायक्रॉनचा 1 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) केला, तर पृष्ठभाग दहापट होतो. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये, म्हणजे चुनखडीच्या पुडीत, ग्रॅममागे साधारण 0.2 चौरस मीटरचे 2 होतात. प्लॅस्टिकला धरायला जागा वाढते. मोठा कण ताण आला की लवकर सुटतो आणि तडा तिथूनच सुरू होतो.

पण जागा मिळाली म्हणजे पकड आली, असं कुठे आहे? अतिबारीक कण आधी एकमेकांनाच चिकटतात. पिठल्यात कोरडं बेसन भसकन ओतलं की होतं, तेच. परवा पीपीचा (पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकचा) तुटलेला ब्रॅकेट भिंगाखाली धरला. तुटल्या जागी मोहरीएवढा पांढरा ठिपका. टाचणीने टोकरला तर भुगा झाला; फिलरची गुठळीच ती. फिलरच्या पोत्यावर मात्र 'अल्ट्राफाइन'!

कणांवर स्टिअरिक आम्लाचं कोटिंग गुठळ्या कमी करतं, माल ठोका सोसतो, पण पकड उलट सैल होते. ओढताणीची ताकद हवी तर मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेला पीपी थोडा मिसळावा लागतो. काचेच्या फिलरला सिलेन (काच आणि प्लॅस्टिक जोडणारं रसायन) चालतं, कार्बोनेटवर त्याचा फारसा उपयोग नाही.

आणि नुसता कडकपणा हवा असेल, तर मायक्रॉनच्या ग्रेडमध्ये तो कणाच्या आकारापेक्षा फिलर किती टक्के घातला यावरच जास्त ठरतो. त्यासाठी महागडं नॅनो कशाला?