एमएचए केलं की थेट रुग्णालयाचे सीईओ? फिरणाऱ्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

पदवीचे निकाल लागू लागले की रुग्णालय प्रशासनातल्या पदव्युत्तर शिक्षणाबद्दलचा (एमएचए, म्हणजे मास्टर ऑफ हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन) एक संदेश गटागटांतून फिरायला लागतो. शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच राहतो: डॉक्टर न होता रुग्णालय चालवा, एमएचए करा, कोणतीही शाखा चालते, घरबसल्या एका वर्षात पदवी, सुरुवातीलाच व्यवस्थापक आणि मग सीईओ, सरकारी रुग्णालयात अधीक्षक होता येतं, अमेरिकेत तर परवाना मिळतो, नोकरी शंभर टक्के. बीएस्सी, बीफार्म, बीपीटी, बीएएमएस, नर्सिंग केलेली मुलं आणि त्यांचे आईवडील हे वाचून लाखो रुपये भरतात. हे क्षेत्र खरं आहे आणि त्यात नीट शिकलेल्या माणसांची गरजही खरी आहे. म्हणूनच संदेशातला एकेक दावा तपासून घेतला पाहिजे.

"सुरुवातीलाच व्यवस्थापक, मग सीईओ"

नुकत्याच पास झालेल्याला बहुतेक ठिकाणी मिळणारी पदं अशी असतात: मॅनेजमेंट ट्रेनी, ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह, फ्लोअर को-ऑर्डिनेटर, क्वालिटी एक्झिक्युटिव्ह, टीपीए डेस्क (टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था), एमआरडी म्हणजे रुग्णनोंदी विभाग. या पदांवर काय करावं लागतं हे संदेशात कधीच नसतं, म्हणून एकच काम उलगडून सांगतो: रुग्णाला घरी सोडणं.

सकाळच्या राउंडला डॉक्टर "आज सोडा" म्हणतात. त्यानंतर डिस्चार्ज समरी तयार व्हायची, वॉर्डातली न वापरलेली औषधं फार्मसीत परत जायची, लॅब आणि रेडिऑलॉजीच्या राहिलेल्या नोंदी बिलात चढायच्या, अंतिम बिल निघायचं, विमा असेल तर ते टीपीएकडे जायचं, मंजुरी यायची, रुग्णाच्या वाट्याची रक्कम भरली जायची आणि मग गेटपास. विमा नियामक आयआरडीएआयच्या मे २०२४च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या आगाऊ मंजुरीचा निर्णय १ तासात आणि रुग्णालयाकडून डिस्चार्जची मागणी गेल्यावर अंतिम मंजुरी ३ तासांत द्यायची आहे. तरीही दहा वाजता "सोडा" म्हटलेला रुग्ण संध्याकाळी सहाला कॉटवरच बसलेला दिसतो. याचं कारण साधं आहे. ते ३ तास मागणी पाठवल्यापासून मोजले जातात, आणि मागणीच दुपारी दोनला जाते. समरी लिहिणारे रेसिडेंट डॉक्टर ओटीत, म्हणजे शस्त्रक्रियागृहात, अडकलेले असतात. शरीरात बसवलेल्या इम्प्लांटचं स्टिकर किंवा त्याचं खरेदी-बिल फाइलला लागलेलं नसतं. समरीतलं निदान आणि तपासणीचा अहवाल यांत विसंगती असते, मग टीपीएकडून शंका येते आणि फाइल पुन्हा वॉर्डात परतते.

यावरचे उपाय ठरलेले आहेत. उद्या सोडायच्या रुग्णांची यादी आदल्या संध्याकाळी करायची, समरीचा मसुदा रात्रीच तयार ठेवायचा, औषधं सकाळी राउंडच्या आधी परत करायची, अंतरिम बिल रोज तपासायचं. कागदावर हे चार ओळींचं काम आहे. प्रत्यक्षात त्यासाठी सिस्टर-इन-चार्ज, रेसिडेंट, फार्मसिस्ट आणि बिलिंगच्या माणसाला एका वेळापत्रकावर आणावं लागतं, आणि यातलं कुणीही तुमच्या हाताखाली नसतं. सीईओच्या खुर्चीकडे जाणारा रस्ता अशा विभागांमधून, वॉर्ड, बिलिंग, खरेदी, क्वालिटी असा जातो आणि त्याला वर्षं लागतात. हे काम नको असेल तर ही पदवी घेऊ नये.

"डॉक्टर न होता रुग्णालय चालवा"

उपचाराचा निर्णय डॉक्टरांचाच राहतो. प्रशासकाकडे येते ती कायद्याची, सुरक्षेची आणि नोंदींची जबाबदारी, आणि ती लहान नाही. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ प्रमाणे मानवी अवयव आणि रक्ताने-स्रावाने माखलेला कचरा प्रक्रिया न करता ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत जावा लागतो. सोनोग्राफी असेल तर गर्भवतीच्या तपासणीचा फॉर्म एफ पूर्ण भरलेला हवा आणि मासिक अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत. एक्स-रे, सीटीसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी हवी. महाराष्ट्रात रुग्णालयाची नोंदणी १९४९च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते. केंद्राचा २०१०चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा राज्याने स्वीकारलेला नाही. बाहेरच्या राज्यातल्या नोट्स वाचून मुलाखतीला आलेली मुलं इथे हमखास अडखळतात. आगीसाठी राज्याचा २००६चा कायदा आहे, आणि यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. ९ जानेवारी २०२१ला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागून दहा बालकं गेली. वायरिंगची तपासणी, बाहेर पडायची वाट, रात्रपाळीला कोण कुठे असेल याचं वेळापत्रक: हे सगळं प्रशासनात मोडतं.

"कोणतीही शाखा चालते"

प्रवेशापुरतं हे बरंचसं बरोबर आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतल्या एमएचएला आणि पुण्याच्या सिम्बायोसिसमधल्या रुग्णालय व आरोग्यसेवा व्यवस्थापनाच्या एमबीएला डॉक्टर नसलेले पदवीधर जातात. सिम्बायोसिससाठी स्नॅप ही परीक्षा आहे. टाटा संस्थेची प्रवेशाची पद्धत अलीकडच्या वर्षांत बदलली आहे, म्हणून त्या-त्या वर्षीचं माहितीपत्रकच पाहावं. पण दिल्लीच्या एम्समधला आणि पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातला रुग्णालय प्रशासनाचा अभ्यासक्रम एमबीबीएस झालेल्यांसाठीच आहे. नावं सारखी असली तरी हे दोन मार्ग वेगळे आहेत, आणि संदेश लिहिणारे ते सर्रास एकत्र करतात.

शिवाय पहिली नोकरी कुठल्या विभागात मिळेल हे बऱ्याचदा आधीची पदवीच ठरवते. नर्सिंग केलेल्यांना क्वालिटी आणि संसर्ग-नियंत्रण, बीफार्मवाल्यांना स्टोअर्स आणि खरेदी, बीकॉमवाल्यांना बिलिंग आणि टीपीए, अभियंत्यांना रुग्णालयाची संगणक-प्रणाली किंवा उपकरणांची देखभाल. बीएएमएस, बीएचएमएस झालेल्यांना विमा-दाव्यांच्या छाननीत मागणी असते; मात्र एमएचएमुळे त्यांच्या वैद्यकीय अधिकारांत काहीही भर पडत नाही.

याच संदेशाखाली एक उलटा दावाही वाचायला मिळतो: साधा एमबीए पुरतो, वेगळं शिक्षण कशाला? त्याला औषधांच्या साठ्याचं उदाहरण पुरेसं आहे. साठा सांभाळायची सर्वांना माहीत असलेली पद्धत म्हणजे एबीसी: ढोबळमानाने १० टक्के वस्तूंवर ७० टक्के खर्च होतो, त्या ए गटात, पुढच्या २० टक्के वस्तूंवर २० टक्के, त्या बी, उरलेल्या ७० टक्के वस्तूंवर जेमतेम १० टक्के, त्या सी. कारखान्यात सी गटाकडे कमी लक्ष दिलं तरी चालतं. रुग्णालयात ॲड्रेनलिनची स्वस्त अँप्युल सी गटात पडते, आणि ती कॅज्युअल्टीच्या, म्हणजे तातडीच्या विभागाच्या, ट्रॉलीत नसेल तर तीव्र ॲलर्जीचा रुग्ण समोर दगावू शकतो. म्हणून इथे एबीसीच्या जोडीला व्हीईडी लावतात, म्हणजे प्राणरक्षक, आवश्यक आणि असल्यास बरं. खर्चात सी पण व्हीईडीत प्राणरक्षक अशा वस्तूंची यादी वेगळी काढून तिचा किमान साठा कधीच शून्यावर येऊ द्यायचा नाही. हे भान रुग्णालयातच शिकवलं जातं.

"घरबसल्या एका वर्षात पदवी"

सर्वांत जास्त फसवणूक या मुद्द्यावर होते, म्हणून इथे थांबून वाचावं.

तीन वर्षांच्या पदवीनंतरची पदव्युत्तर पदवी दोन वर्षांची असते. चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची सोय यूजीसीच्या २०२४च्या चौकटीत आहे; पण विद्यापीठाने तो अभ्यासक्रम खरोखर त्या स्वरूपात सुरू केलेला असला पाहिजे. "एका वर्षात" म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक वेळा पीजी डिप्लोमा असतं, आणि डिप्लोमा ही पदवी नव्हे. तंत्र आणि व्यवस्थापन शिक्षणाची परिषद एआयसीटीई हिची मान्यता असलेल्या दोन वर्षांच्या पीजीडीएमला (व्यवस्थापनाचा पदव्युत्तर डिप्लोमा) नोकरीच्या बाजारात मान आहे, तरी पुढे पीएचडी किंवा परदेशी प्रवेश हवा असेल तर त्याला भारतीय विद्यापीठ संघाची एमबीए-समकक्षता आहे का, हे आधीच विचारावं.

दूरस्थ आणि ऑनलाइन पदवीला कायद्याने कमीपणा नाही. यूजीसीच्या २०२०च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त विद्यापीठाची अशी पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. प्रश्न मान्यतेचा आहे, आणि ती तपासायला अर्धा तास लागतो. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण ब्युरोच्या (डीईबी) संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव शोधा. नुसतं नाव सापडून भागत नाही. नेमका तो अभ्यासक्रम, ते वर्ष आणि ते सत्र यादीत आहे का ते पाहा, कारण मान्यता अभ्यासक्रमाला आणि कालावधीला बांधलेली असते. २०२४पासून अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याने स्वतः डीईबी आयडी काढावा लागतो, आणि त्याआधी ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा एबीसी आयडी. जो एजंट डीईबी आयडी मागतच नाही, त्याला एक रुपयाही देऊ नका. विद्यापीठाला असे अभ्यासक्रम फ्रँचायझीने चालवायला परवानगी नाही. त्यामुळे "आमच्या सेंटरमधून सगळं होईल, फी आमच्या खात्यात भरा" हे ऐकलं की उठून यावं.

मान्यता असली तरी एक उणीव उरते. वॉर्ड, ओटी, सीएसएसडी (उपकरणं निर्जंतुक करणारा विभाग), कॅज्युअल्टीत उभं राहून शिकायचं ते पडद्यावर येत नाही. आधीच रुग्णालयात काम करणाऱ्या नर्सला, फार्मसिस्टला किंवा बिलिंगच्या कर्मचाऱ्याला ऑनलाइन पदवी उपयोगी पडते, कारण शिकलेलं दुसऱ्या दिवशी समोर दिसतं. ज्याने रुग्णालयात एक दिवसही काम केलेलं नाही, त्याने प्रत्यक्ष वर्गाचा आणि सलग इंटर्नशिपचा अभ्यासक्रमच निवडावा.

"सरकारी रुग्णालयात अधीक्षक"

चूक. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक, जिल्हा शल्यचिकित्सक ही डॉक्टरांची पदं आहेत. डॉक्टर नसलेल्यांना सार्वजनिक आरोग्यात जागा मिळतात त्या प्रामुख्याने राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कार्यक्रम-व्यवस्थापनाच्या आणि गुणवत्तेच्या पदांवर, किंवा महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेसारख्या विमा-योजनांच्या कामात. यातली बरीच पदं कंत्राटी असतात. काम मोलाचं आहे, पण ती कायम सरकारी नोकरी आहे असं समजून कुणी कर्ज काढू नये.

"अमेरिकेत परवाना मिळतो"

अमेरिकेत रुग्णालयाच्या प्रशासकाला परवाना लागतच नाही, मग मिळणार कसा? परवाना लागतो तो नर्सिंग होमच्या, म्हणजे वृद्ध आणि दीर्घकालीन रुग्णांच्या निवासी शुश्रूषाकेंद्राच्या प्रशासकाला, आणि तो राज्यागणिक. तिथे एमएचएला जायचं असेल तर अभ्यासक्रमाला सीएएचएमईची, म्हणजे आरोग्य व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या तिथल्या संस्थेची, मान्यता आहे का एवढं आधी पाहा. भारतातही रुग्णालय प्रशासकांची नोंदणी करणारी परिषद नाही. "नोंदणी क्रमांक मिळवून देऊ" म्हणणारा पैसे उकळतो आहे.

"शंभर टक्के नोकरी, खर्च लगेच वसूल"

महाविद्यालयाला सर्वाधिक पगार विचारू नका. मधला पगार विचारा, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मध्ये येणारा. गेल्या तुकडीतल्या किती जणांना कोणत्या पदनामाने घेतलं, त्यातले किती एका वर्षानंतरही तिथेच आहेत, हे विचारा. फ्रंट ऑफिस किंवा मार्केटिंगची नोकरी प्लेसमेंटमध्ये मोजली आहे का तेही विचारा. इंटर्नशिप किती आठवड्यांची, कोणत्या विभागांत, रुग्णालय किती खाटांचं, त्याला एनएबीएच हे रुग्णालयांच्या गुणवत्तेचं राष्ट्रीय मानांकन आहे का, हे लेखी घ्या. मानांकनाची तयारी चालू असलेल्या रुग्णालयात काढलेले तीन महिने वर्गातल्या सहा महिन्यांपेक्षा जास्त शिकवतात, कारण तिथे प्रत्येक विभागाची कार्यपद्धती, नोंदी आणि मोजमापं नव्याने बसवली जात असतात.

मुलाखतीला जाण्याआधी साधी मोजमापं तरी हाताने करता आली पाहिजेत. १०० खाटांच्या रुग्णालयात ३० दिवसांत ३,००० खाट-दिवस उपलब्ध. त्यातले २,२५० भरले तर खाटांचा वापर ७५ टक्के. त्याच महिन्यात ५०० रुग्ण घरी गेले असतील तर सरासरी मुक्काम साडेचार दिवस. पुढचा प्रश्न असा येतो: मुक्काम चार दिवसांवर आला तर त्याच खाटांवर किती जास्त रुग्ण घेता येतील? २,२५० भागिले ४, म्हणजे ५६२. सुमारे ६२ जास्त. वर सांगितलेल्या उशिरा होणाऱ्या डिस्चार्जची किंमत इथे दिसते.

आता कर्ज. १० लाख रुपये साडेदहा टक्क्यांनी ७ वर्षांसाठी घेतले तर हप्ता महिन्याला सुमारे १६,९०० रुपये येतो, आणि शिक्षण चालू असतानाचं व्याज त्यात धरलेलं नाही. हातात २५ हजार येणार असतील तर उरलेल्या ८ हजारांत मुंबई-पुण्यात खोलीचं भाडंही धड निघत नाही. म्हणून जास्त फीचा पर्याय धरण्याआधी राज्याच्या सीईटीतून मिळणारी एमबीए महाविद्यालयं पाहावीत. काहींत आरोग्यसेवा हा विशेष विषय असतो. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो. २०२४-२५पासून याच उत्पन्न मर्यादेतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा अभिमत आणि खाजगी विद्यापीठात घेतलेल्या प्रवेशाला या सवलती मिळत नाहीत, आणि एजंट नेमक्या त्याच जागा आधी दाखवतात.