पोलोला बायको नव्हे, सोबत हवी होती

२००९ साली नववीत असताना आमची सहल म्हैसूर-उटीला गेली होती. राजवाडा, वृंदावन गार्डन आता पुसट आठवतं, पण म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयातला पोलो डोळ्यांसमोरून हलत नाही. भारतात तेव्हा तो एकटाच गोरिला होता. १९९५ साली आयर्लंडमधल्या डब्लिनहून आणलेला. आम्ही पोरं छातीवर गुद्दे मारत ओरडत होतो आणि तो आमच्याकडं पाठ करून बसलेला. हातात गवताची एक काडी. ती बोटांत फिरवायचा, खाली ठेवायचा, परत उचलायचा. २०१४ मध्ये तो गेला, तोवर एकटाच होता.

त्या काळात 'पोलोला बायको मिळेना' अशा बातम्या यायच्या. आज त्या शब्दाचाच मला राग येतो. माणसाला वाटतं, जनावराला जोडी लागते ती पिलांसाठीच.

आमच्या गोठ्यात दोन म्हशी होत्या. घरात नड होती म्हणून एक विकली. दुसरी दोन दिवस वैरणीला तोंड लावेना. आई धारेला बसायची, कास चोळायची, पण म्हैस पान्हाच सोडेना. दावणीची रिकामी जागा हुंगत राहायची. आजोबा एवढंच म्हणाले, "सोबत तुटली तिची." हे कळायला कुणाला पुस्तक वाचावं लागलं नाही. मग गोरिलाच्या बाबतीत आपण एवढे आंधळे कसे?

गोरिला कळपात जगतो. एक पाठीवर चंदेरी केस आलेला नर, चार-पाच माद्या आणि त्यांची पिलं. नर-माद्या जन्मतात जवळपास सारख्याच संख्येनं, म्हणजे बरेच नर कळपाविना उरणारच. अशा नरांना एकेकटं कोंडण्यापेक्षा त्यांचा वेगळा गट करण्याची पद्धत परदेशी प्राणिसंग्रहालयांत आता रुळली आहे. पिलं नाहीत, पण संगत आहे. म्हैसूरलाही २०२१ मध्ये जर्मनीहून थाबो आणि डेंबा हे दोन नर आले. दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला घेऊन बघायला गेलो. धाकटा उठून गेला की थोरला मान वळवून बघतो, तो दिसेपर्यंत बघत राहतो. पोलोच्या वेळी हे कुणाला सुचलं असतं तर, असं वाटून मला तिथं गलबलून आलं.

आणि प्रजननाचं म्हणाल, तर तेही सोबतीशिवाय नीट होत नाही. प्राणिसंग्रहालयात जन्मलेली पहिली गोरिला म्हणजे अमेरिकेतल्या कोलंबसची कोलो, २२ डिसेंबर १९५६ ची. तिला माणसांनी बाटलीवर वाढवलं. त्या काळात पिल्लू आईपासून काढून घेणं नेहमीचंच होतं. पण मादी आईपण शिकते ती कळपातल्या दुसऱ्या आया बघून. ज्यांनी कधी बघितलंच नाही, त्यांना स्वतःचं पिल्लू झाल्यावर काय करायचं ते उमजत नाही. पोलो जिथून आला त्या डब्लिनमध्येच २०२४ साली काफी नावाची मादी गाभण होती. तिचं आधीचं पिल्लू जगलं नव्हतं. म्हणून बाळंत झालेल्या बायका तिच्यासमोर काचेपलीकडं बसून आपल्या बाळांना अंगावर पाजायच्या, तिनं बघावं म्हणून. काफीनं पिल्लाला माया लावली, पण छातीशी नीट धरेना. शेवटी बाटलीच द्यावी लागली. त्या अनोळखी बायकांचे मात्र पाय धरावेत असं वाटतं.

अटलांटाच्या विली बी. नावाच्या नरानं २७ वर्षं पिंजऱ्यात एकट्यानं काढली, सोबतीला एक टीव्ही. १९८८ मध्ये त्याला मोकळ्या आवारात सोडलं, आपल्या जातीची संगत मिळाली आणि १९९४ मध्ये तो बाप झाला. आधी सोबत, मग पिल्लू. क्रम हाच.

आता जे लिहितोय ते आपल्या माणसांना टोचेल, माहीत आहे. गेल्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, नांदणीच्या जैन मठातली हत्तीण महादेवी गुजरातमधल्या वनतारा या प्राणी केंद्रात नेली तेव्हा मीही रडलो. मूक मोर्चातही चाललो. गावाचं तिच्यावरचं प्रेम खोटं नव्हतं आणि तिला परत आणा ही मागणी माझीही आहे. पण एवढ्या वर्षांत तिच्याशेजारी दुसरी हत्तीण का नव्हती, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलं? मी तरी नाही विचारलं. ती परत येणार असेल तर बरोबर दुसरी हत्तीण असेल का, हे आता मला मठाला, सरकारला आणि आपल्या सगळ्यांनाच विचारायचं आहे.